लघवी की केस? अमली पदार्थांच्या चाचण्या नेमकं काय सांगतात

अमली पदार्थ तपासायची पट्टी लघवीत बुडवली, पाच मिनिटं वाट पाहिली आणि दोन रेघा दिसल्या, तर चाचणी निगेटिव्ह आहे. गर्भधारणेच्या पट्टीवर दोन रेघा म्हणजे ‘हो’. इथे दोन रेघा म्हणजे ‘नाही’. दुसरी रेघ डोळे बारीक करून पाहावी लागेल इतकी पुसट असली तरी उत्तर तेच. हे ठाऊक नसेल तर काहीही न केलेल्या मुलाची घरात उलटतपासणी सुरू होते, नाहीतर खरा पॉझिटिव्ह निकाल ‘एकच रेघ आहे, म्हणजे काही नाही’ असं म्हणून कचऱ्यात जातो.

हे उलटं का, ते समजून घेतलं की या चाचण्यांचा स्वभावच कळतो. पट्टीच्या खालच्या भागात रंगीत कण लावलेल्या अँटीबॉडी कोरड्या करून बसवलेल्या असतात. लघवी वर चढताना त्यांना सोबत घेऊन जाते. पुढे ‘टी’ रेघेच्या जागी ज्याचा शोध घ्यायचा तोच पदार्थ पट्टीला आधीपासून पक्का चिकटवलेला असतो. लघवीत तो पदार्थ नसेल तर अँटीबॉडी तिथे मोकळ्याच पोचतात, चिकटवलेल्या पदार्थाला धरतात आणि रंगीत रेघ उमटते. लघवीत तो पदार्थ असेल तर अँटीबॉडींच्या धरायच्या जागा वाटेतच भरून जातात. मग त्या ‘टी’ रेघेवरून तशाच पुढे निघून जातात आणि तिथे काही उमटत नाही. वरची ‘सी’ रेघ फक्त लघवी शेवटपर्यंत चढल्याची खूण आहे. ती उमटली नाही तर पट्टी बाद, निकाल वाचायचाच नाही.

या सगळ्यात ‘व्यसन’, ‘नशेत होता’, ‘खोटं बोलतोय’ यातलं काहीही मोजलेलं नाही. अमुक आकाराचा रेणू ठरावीक प्रमाणाच्या वर आहे का, एवढंच मोजलं. पुढचं सगळं माणसं ठरवतात: एचआरमधली व्यक्ती, डॉक्टर, आई-वडील, कधी न्यायाधीश. म्हणून माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. कोणता प्रश्न विचारायचा आहे ते अगोदर ठरवा, त्याचं उत्तर देऊ शकेल असा नमुना निवडा, आणि पहिल्या पॉझिटिव्हवर कुणाची नोकरी, मूल किंवा अब्रू हिरावून घेऊ नका.

पहिल्या पॉझिटिव्हवर विसंबायचं का नाही

चाचणीच्या दोन पायऱ्या असतात. पहिली स्क्रीनिंगची. पट्टी असो की लॅबमधलं मोठं यंत्र, इथे काम अँटीबॉडीच करते. ही पायरी झटपट होते, स्वस्त असते, आणि चुकतेही. अँटीबॉडी रेणूचा ढोबळ आकार ओळखते. गर्दीत पाठमोरा माणूस ओळखीचा वाटावा आणि पुढे जाऊन चेहरा पाहिल्यावर तो भलताच निघावा, तसं इथे होतं. चेहरा पाहण्याचं काम दुसऱ्या पायरीचं, म्हणजे कन्फर्मेशनचं. त्यात गॅस किंवा लिक्विड क्रोमॅटोग्राफीने नमुन्यातले पदार्थ वेगळे केले जातात आणि मास स्पेक्ट्रोमीटर प्रत्येकाचे तुकडे करून त्यांचं वजन पाहतो. त्या तुकड्यांचा नेमका साचा जुळला तरच पदार्थ सापडला असं म्हणतात.

फसवणाऱ्या पाठमोऱ्या औषधांची यादी लांबलचक आहे. सर्दीच्या गोळ्यांतलं स्यूडोएफेड्रीन, नैराश्यावरचं आणि सिगारेट सोडायलाही दिलं जाणारं ब्युप्रोपियॉन, रक्तदाबावरचं लॅबेटॅलॉल ही अँफेटामाइन या उत्तेजक पदार्थाच्या स्क्रीनिंगमध्ये पॉझिटिव्ह दाखवू शकतात. लिव्होफ्लॉक्सॅसिन, ऑफ्लॉक्सॅसिन यांसारखी अँटिबायोटिक्स अफूवर्गीय पदार्थांच्या चाचणीला चकवतात. खोकल्याच्या औषधातलं डेक्स्ट्रोमेथॉर्फन आणि नैराश्यावरचं व्हेनलाफॅक्सिन पीसीपी या अमली पदार्थाच्या चाचणीला, तर एचआयव्हीवरचं एफाव्हिरेंझ गांजाच्या चाचणीला गोंधळात टाकू शकतं. सगळ्या कंपन्यांच्या किट सारख्याच फसतात असं नाही, पण किटच्या खोक्यावर मोठ्या अक्षरात लिहिलेली अचूकता वाचून निर्धास्त होऊ नये.

त्या अचूकतेचाच हिशेब एकदा करून पाहू. समजा एका कंपनीत १००० माणसं आहेत आणि त्यातली २० खरोखर काहीतरी घेतात. ही चाचणी अमली पदार्थ घेणाऱ्यांपैकी ९५ टक्के लोकांना पकडते, आणि न घेणाऱ्यांपैकी ९७ टक्के लोकांना बरोबर निर्दोष ठरवते. आकडे ऐकायला उत्तम आहेत. २० पैकी १९ सापडले. पण उरलेल्या ९८० निर्दोष माणसांपैकी ३ टक्के, म्हणजे २९ जणही पॉझिटिव्ह आले. एकूण ४८ पॉझिटिव्ह, त्यातले २९ चुकीचे. पाच पॉझिटिव्हमागे तिघं निर्दोष. घेणाऱ्यांचं प्रमाण जितकं कमी, तितका हा हिशेब बिघडत जातो. पहिल्या निकालावर पत्र टाइप करायला बसणाऱ्या प्रत्येक अधिकाऱ्याने हा हिशेब एकदा स्वतःच्या हाताने मांडावा, असं मला मनापासून वाटतं.

उलट्या दिशेनेही फसगत होते. ‘ओपिएट’ची, म्हणजे अफूपासून मिळणाऱ्या पदार्थांची, साधी चाचणी मॉर्फिन आणि कोडीनसाठी बनवलेली असते. फेंटानिल, मेथाडोन, ट्रामाडॉल ही कृत्रिम अफूवर्गीय औषधं तिला दिसत नाहीत, त्यांच्या चाचण्या वेगळ्या. झोपेच्या आणि चिंतेवरच्या बेन्झोडायझेपिन गोळ्यांच्या स्क्रीनिंगमधून क्लोनाझेपाम आणि लोराझेपाम बऱ्याचदा निसटतात. प्रयोगशाळेत बनवलेले नकली गांजाचे पदार्थ गांजाच्या चाचणीत येतच नाहीत. पाच पदार्थांचं पॅनेल निगेटिव्ह आलं तर त्या पाचांबद्दलच बोलता येतं.

कटऑफ म्हणजे काय

रिपोर्टवर ‘निगेटिव्ह’ लिहिलं असलं तर पदार्थ शून्य होता असं समजू नका. ठरवलेल्या पातळीच्या खाली होता, इतकंच. ही पातळी नॅनोग्रॅममध्ये मोजतात; एक नॅनोग्रॅम म्हणजे एका ग्रॅमचा अब्जावा भाग. अमेरिकेच्या केंद्र सरकारी नियमांत लघवीतल्या गांजासाठी स्क्रीनिंगची पातळी दर मिलिलिटरला ५० नॅनोग्रॅम आहे आणि कन्फर्मेशनची १५. कोकेनसाठी हेच आकडे १५० आणि १०० आहेत. जगात अनेक ठिकाणी हे आकडे आधार म्हणून वापरले जातात, पण लॅबगणिक फरक असतो. त्यामुळे रिपोर्ट हातात आला की आधी कटऑफचा रकाना पाहावा.

हे आकडे माणसांनी ठरवलेले आहेत आणि बदलतातही. खसखस अफूच्याच झाडाची, आणि तिच्यावर मॉर्फिनचा अंश असतो. खसखस खाल्लेला माणूस अफूवर्गीय चाचणीत पॉझिटिव्ह येऊ शकतो, आणि या बाबतीत यंत्राची काही चूक नसते. मॉर्फिन खरोखरच लघवीत असतं. १९९८ मध्ये अमेरिकेने ही पातळी ३०० वरून एकदम २००० नॅनोग्रॅमवर नेली, त्यामागचं मोठं कारण हेच. कुणी हेरॉइन घेतलंय का, हे पक्कं सांगायचं तर ६-मोनोअॅसिटिलमॉर्फिन हा पदार्थ शोधतात. तो खसखशीतून किंवा कोडीनच्या औषधातून तयार होत नाही. पण तो लघवीत जेमतेम काही तास, फार तर दिवसभर टिकतो.

लघवी: कालपरवाची गोष्ट

लघवीत मुख्यतः शरीराने पदार्थ मोडल्यावर उरलेले अवशेष शोधतात. म्हणून लघवीची चाचणी गेल्या काही दिवसांबद्दल बोलते. कोकेनचा अवशेष साधारण दोन ते चार दिवस, अँफेटामाइनवर्गही तितकाच, मॉर्फिन दोन-तीन दिवस. दारू स्वतः काही तासांत निघून जाते, मात्र तिच्यापासून बनणारं इथाइल ग्लुकुरोनाइड भरपूर प्यायल्यानंतर तीनेक दिवसांपर्यंत सापडू शकतं.

गांजाचं गणित वेगळं आहे, आणि सर्वाधिक अन्याय इथेच होतो. त्यातलं नशा आणणारं टीएचसी चरबीत साठतं आणि हळूहळू बाहेर पडतं. एखाद्याच वेळी ओढणाऱ्याच्या लघवीतून ते तीनेक दिवसांत कटऑफच्या खाली जातं. रोज ओढणाऱ्याच्या लघवीत महिनाभर, कधी त्याहूनही जास्त दिवस राहतं. शिवाय लघवीत मोजला जातो तो टीएचसीचा नशा न आणणारा अवशेष. म्हणजे सोमवारी सकाळी कामावर आलेल्या माणसाची लघवी गांजासाठी पॉझिटिव्ह आली, तरी तो त्या क्षणी नशेत होता की तीन आठवड्यांपूर्वीचं काही निघतंय, हे त्या आकड्यातून कळूच शकत नाही.

व्यसनमुक्तीच्या काळात तर याची फार झळ बसते. गांजा सोडलेल्या माणसाची चाचणी या आठवड्यात निगेटिव्ह आणि पुढच्या आठवड्यात परत पॉझिटिव्ह येऊ शकते, मधल्या काळात त्याने झुरकाही घेतलेला नसताना. त्या दिवशी पाणी कमी प्यायलं गेलं असेल तर लघवी घट्ट होते आणि तोच अंश मोठा दिसतो. यावर उपाय आहे. पदार्थाचं प्रमाण त्याच लघवीतल्या क्रिएटिनिनने (स्नायूंतून बनणारा टाकाऊ घटक; लघवी किती घट्ट ते त्यावरून कळतं) भागून पाहायचं आणि तो भागाकार दर वेळी उतरतोय का ते बघायचं. हे न करता ‘पुन्हा सुरू केलंस ना?’ असा आरोप झाला, तर सोडण्यासाठी धडपडणारा माणूस आतून खचतो.

नमुना कसा घेतात, तेही पाहू, कारण निकालाची विश्वासार्हता निम्मी तिथेच ठरते. नीट चालवलेल्या केंद्रात जॅकेट, पिशव्या बाहेर ठेवायला सांगतात, संडासातल्या पाण्यात निळा रंग टाकतात, नळ बंद ठेवतात. माणूस आत एकटा जातो. बाहेर आल्यावर चार मिनिटांच्या आत बाटलीवरची तापमानपट्टी वाचतात. ३२ ते ३८ अंश सेल्सिअसच्या दरम्यान असेल तर ठीक. मग नमुना देणाऱ्याच्या डोळ्यांदेखत लघवी दोन बाटल्यांत भागतात. अमेरिकी पद्धतीत ३० मिलिलिटर पहिल्या बाटलीत आणि १५ दुसरीत. दोन्हींवर सील लावतात आणि त्या सीलवर नमुना देणाऱ्याची आद्याक्षरं घेतात. त्यानंतर बाटली कुणाकडून कुणाकडे गेली, याची नोंद कागदावर प्रत्येक हाताला सहीने होते. या कागदाला ‘चेन ऑफ कस्टडी’ म्हणतात. तो नसेल तर निकालाचा पाया ठिसूळ आहे, मग यंत्र कितीही महागडं असो.

लॅब नमुन्याचा खरेपणाही तपासते. क्रिएटिनिन दर डेसिलिटरला २० मिलिग्रॅमच्या खाली आणि विशिष्ट गुरुत्वही (पाण्याच्या तुलनेत लघवी किती जड ते) कमी असलं तर नमुना ‘पातळ’ म्हणून नोंदवतात. क्रिएटिनिन २ च्याही खाली आणि गुरुत्वही माणसाच्या लघवीत न बसणारं असलं तर तो नमुना बदललेला मानतात. नायट्राइट, आम्लता, ब्लीचसारखे पदार्थ तपासले जातात. ‘शरीर शुद्ध करणारी’ म्हणून विकली जाणारी पेयं बहुतेक पाणी पाजण्याचंच काम करतात आणि नमुना पातळ ठरवून घेतात. त्यावर पैसे घालवू नयेत. पण पातळ नमुना आला म्हणून माणूस लबाड ठरत नाही. उन्हात काम करून लिटर-दोन लिटर पाणी प्यायलेला, लहान चणीचा, मांस न खाणारा माणूस सहज त्या रेषेखाली जातो. अशा वेळी चाचणी परत घ्यावी, शक्यतो सकाळच्या पहिल्या लघवीची.

काहींना दबावाखाली लघवीच होत नाही. हा त्रास खरा आहे. नियम पाळणारं केंद्र अशा माणसाला तीन तासांपर्यंत वेळ आणि थोडं थोडं करून सव्वा लिटरच्या आसपास पाणी देतं. त्याच्यावर दारात उभं राहून ओरडत नाही.

केस: तीन महिन्यांचा मागोवा

केस मुळाशी वाढतो, आणि मुळाला रक्त मिळतं. रक्तात फिरणारा पदार्थ वाढत्या केसात अडकतो आणि केसासोबत वर सरकत राहतो. डोक्यावरचा केस महिन्याला साधारण सव्वा सेंटिमीटर वाढतो, म्हणून मुळाकडच्या जवळपास चार सेंटिमीटरमध्ये ९० दिवसांचा काळ बसतो. नव्याने बनलेला भाग टाळूच्या वर यायला आठवडाभर लागतो, तेव्हा काल-परवा घेतलेलं केसात दिसत नाही. १९७९ मध्ये वर्नर बॉमगार्टनर यांनी केसांतून अफूवर्गीय पदार्थांचा मागोवा घेता येतो हे दाखवलं, आणि तिथून ही पद्धत पुढे आली.

नमुना डोक्याच्या मागच्या वरच्या भागातून, दोन-तीन ठिकाणांहून थोडे थोडे मिळून शंभर-सव्वाशे केस टाळूलगत कात्रीने कापून घेतात. उपटत नाहीत. कोणतं टोक मुळाकडचं, ते फॉइलवर खूण करून बांधतात. फ्रीज लागत नाही. कंगव्यातले, उशीवरचे केस चालत नाहीत. त्यांची टोकं उलटसुलट असतात, वय माहीत नसतं, आणि ते नेमके कुणाचे हेही सिद्ध होत नाही. डोक्यावर केस नसतील तर छातीचे किंवा काखेतले केस घेतात. पण ते सावकाश वाढतात आणि वाढून तसेच थांबून राहतात, त्यामुळे ९० दिवसांचा हिशेब तिथे लागू होत नाही.

केसाची ताकद नियमित वापर दाखवण्यात आहे. एखाद्याच वेळी घेतलेलं बऱ्याचदा सापडत नाही. मात्र काळाची नेमकी तारीख काढायचा मोह टाळावा. वाढीचा वेग माणसागणिक बदलतो, आणि डोक्यावरचे दहा-पंधरा टक्के केस कोणत्याही क्षणी वाढ थांबवून नुसते उभे असतात. पूर्णपणे सोडलेल्या माणसाच्या मुळाकडच्या भागातही त्या थांबलेल्या केसांमुळे काही महिने जुना अंश मिळत राहतो. हे कोर्टात किंवा पुनर्वसन केंद्रात कुणी सांगितलं नाही, तर सुटलेला माणूस पुन्हा अडकल्यासारखा दिसतो.

केसाची दुसरी अडचण बाहेरून लागणाऱ्या अंशाची. गांजाचा धूर, कोकेन हाताळलेले हात, यांतून पदार्थ केसावर बसतो. लॅब केस धुऊन घेते आणि ते धुतलेलं पाणीही तपासते. शिवाय शरीरातच बनणारे अवशेष शोधते. गांजाच्या बाबतीत टीएचसी-सीओओएच हा अवशेष सापडला तर पदार्थ शरीरात गेला होता असं बऱ्याच खात्रीने म्हणता येतं. नुसतं टीएचसी सापडलं तर म्हणता येत नाही. हा अवशेष केसात पिकोग्रॅममध्ये, म्हणजे नॅनोग्रॅमच्याही हजाराव्या भागात असतो. तो शोधायला चांगलं यंत्र लागतं, आणि स्वस्तातलं पॅकेज नेमकं तिथे कमी पडतं.

तिसरी अडचण रंगाची. केसाला काळेपणा देणारं मेलॅनिन कोकेन, अँफेटामाइन यांसारख्या पदार्थांना धरून ठेवतं. दोघांनी सारखंच घेतलं तर काळ्या केसात ते सोनेरी केसापेक्षा जास्त दिसू शकतं. दुसरीकडे ब्लीच केलेल्या केसातून अंश कमी होतो. हा फक्त पुस्तकातला मुद्दा नाही. बॉस्टनच्या पोलीस दलातल्या कृष्णवर्णीय अधिकाऱ्यांनी केसांच्या चाचणीमुळे आपल्यावर वंशभेदी परिणाम होतो असा दावा लावला, आणि २०१४ मध्ये अमेरिकेच्या अपील न्यायालयाने आकडेवारीवरून तसा परिणाम दिसतो हे मान्य केलं. २०२० मध्ये अमेरिकी सरकारने केसांच्या चाचणीच्या नियमांचा जो मसुदा मांडला, त्यातही केसाचा पॉझिटिव्ह एकटा धरू नये, सोबत लघवी किंवा लाळेसारखा दुसरा नमुना घ्यावा, अशी तरतूद होती.

आणि टोरोंटोचं मदरिस्क प्रकरण. तिथल्या सिक किड्स या मुलांच्या रुग्णालयातली ही प्रयोगशाळा केस तपासून पालक दारू किंवा अमली पदार्थ घेतात का याचे रिपोर्ट देत असे, आणि बालसंरक्षण यंत्रणा त्यावर विसंबून मुलांबाबत निर्णय घेत असे. २०१५ मध्ये निवृत्त न्यायाधीश सुझन लँग यांनी चौकशी अहवाल दिला: २००५ ते २०१५ या काळातल्या त्या चाचण्या बालसंरक्षणाच्या आणि फौजदारी कामासाठी अपुऱ्या आणि अविश्वसनीय होत्या. बरीच वर्षं स्क्रीनिंगचाच निकाल पक्का म्हणून दिला गेला होता, मास स्पेक्ट्रोमेट्रीने पडताळा न करता. पुढे न्यायाधीश ज्युडिथ बीमन यांच्या आयोगाने १२७१ प्रकरणं तपासली. त्यातल्या ५६ प्रकरणांत या चाचणीचा निर्णयावर मोठा परिणाम झाला होता, असं २०१८ च्या अहवालात नोंदवलं आहे. तोवर काही मुलं दत्तक जाऊन वर्षं लोटली होती. पहिली पायरी हीच शेवटची मानली की काय होतं, याचं याहून वेदनादायक उदाहरण मला माहीत नाही.

कंपनीने कोणती निवडावी

कंपन्यांनी चाचणी करूच नये, असं माझं म्हणणं नाही. १९८७ च्या जानेवारीत अमेरिकेत मेरीलंडमधल्या चेस इथे रेल्वे अपघातात १६ जणांचा जीव गेला. मालगाडीची इंजिनं चालवणाऱ्यांनी गांजा घेतल्याचं निष्पन्न झालं. १९९१ मध्ये वाहतूक क्षेत्रात चाचणी सक्तीची करणारा कायदा आला, त्याच्या मागे हा अपघात होता. ज्याच्या हाती रेल्वे, क्रेन, विमान किंवा भूल दिलेला रुग्ण आहे, त्याची तपासणी करण्याचं कारण खरं आहे.

प्रश्नानुसार नमुना बदलतो. नोकरीवर घेण्याआधी उमेदवार नियमित काही घेतो का हे पाहायचं असेल, तर केस जास्त मागचं सांगतात, लघवी गेल्या काही दिवसांचं. अधूनमधून अचानक तपासायचं असेल तर लघवी किंवा लाळ, आणि निवड संगणकाने चिठ्ठी काढल्यासारखी व्हायला हवी. साहेबाला न आवडणारा माणूस दर वेळी ‘योगायोगाने’ निवडला जाऊ नये. अपघात झाल्यावर केस तपासणं निरर्थक आहे, कारण त्या दिवशीचं केसात अजून आलेलंच नसतं. तिथे दारूसाठी श्वासाची चाचणी आणि बाकीसाठी लाळ, रक्त किंवा लघवी, तीही वेळेत. अमेरिकी वाहतूक नियमांत अपघातानंतर दारूसाठी ८ तासांची आणि इतर पदार्थांसाठी ३२ तासांची मर्यादा आहे. व्यसनमुक्तीनंतर कामावर परतलेल्या माणसासाठी ठरावीक अंतराने लघवीच बरी, क्रिएटिनिनच्या हिशेबासकट.

चाचणीआधी धोरण लेखी हवं: कुणाची, केव्हा, कोणत्या पदार्थांसाठी, कोणत्या कटऑफवर, पॉझिटिव्ह आल्यास पुढे काय, उपचाराची संधी मिळणार का. लॅबला आयएसओ १७०२५ सारखी मान्यता आहे का आणि त्या मान्यतेत हीच चाचणी बसते का, ते विचारावं. ज्या देशात कंपनी आहे तिथल्या कामगार आणि गोपनीयता कायद्याचा सल्ला घ्यावा. आणि एक गोष्ट कुठल्याही परिस्थितीत गाळू नये: निकाल आणि एचआर यांच्या मधे एक डॉक्टर असला पाहिजे. अमेरिकी पद्धतीत त्याला मेडिकल रिव्ह्यू ऑफिसर म्हणतात. कन्फर्म झालेला पॉझिटिव्ह आधी त्याच्याकडे जातो. तो कर्मचाऱ्याशी खाजगीत बोलतो आणि औषधांच्या चिठ्ठ्या पाहतो. लक्ष केंद्रित व्हावं म्हणून डेक्सअँफेटामाइन घेणाऱ्याचा निकाल अँफेटामाइनसाठी खरोखरच पॉझिटिव्ह येतो. खोकल्यासाठी कोडीन घेतलेल्याच्या लघवीत मॉर्फिन येतं. डॉक्टरने खात्री केली की कंपनीकडे ‘निगेटिव्ह’ एवढंच जातं. कुणाला कोणता आजार आहे आणि तो कोणत्या गोळ्या घेतो, हे रिसेप्शनवर फॉर्ममध्ये भरून घेण्याचा अधिकार कंपनीला असता कामा नये.

पालकांसाठी दोन शब्द

मुलाच्या खोलीत काही सापडलं, वागणं बदललं, की पट्टी आणावीशी वाटते. ती भीती मी समजू शकतो. पण अमेरिकेतली बालरोगतज्ज्ञांची संघटना घरी अशी चाचणी करू नये असाच सल्ला देते, आणि त्यामागे कारणं आहेत. नमुना नीट घेता येत नाही, निकाल चुकीचा वाचला जातो, आणि चोरून केस कापून पाठवल्याचं कळलं की मूल पुढे काही सांगत नाही. शंका असेल तर मुलाला घेऊन डॉक्टरकडे किंवा समुपदेशकाकडे जा. चाचणी करायचीच ठरली तर ती मुलाच्या संमतीने, पुढे मदत काय मिळणार हे आधी बोलून, आणि लॅबमध्ये.

तुमचीच चाचणी असेल तर

गेल्या महिनाभरात घेतलेल्या सगळ्या औषधांची यादी, पूरक गोळ्या आणि सर्दी-खोकल्याच्या औषधांसह, घरी लिहून ठेवा आणि चिठ्ठ्या जपून ठेवा. ही यादी डॉक्टरसाठी आहे, समोर बसलेल्या कारकुनासाठी नाही. गांजाच्या झाडापासून काढलेलं सीबीडी तेल वापरत असाल तर त्यात थोडं टीएचसी असू शकतं आणि त्याने लघवी पॉझिटिव्ह येऊ शकते. बाटलीवर ‘नशारहित’ लिहिलेलं असलं तरी. चाचणीला जाताना घडाघडा पाणी पिऊ नका. केसांची चाचणी असेल तर त्याआधी ब्लीच किंवा रंग केला असल्यास तसं सांगा आणि फॉर्मवर नोंदवून घ्या.

केंद्रावर सील तुमच्यासमोर लागल्याशिवाय सही करू नका. बाटलीवरचा क्रमांक आणि कागदावरचा क्रमांक स्वतः जुळवून पाहा. पॉझिटिव्ह आल्याचं कळलं तर घाबरून लगेच राजीनामा किंवा कबुली लिहून देऊ नका. आधी तीन गोष्टी लेखी मागा: हा निकाल स्क्रीनिंगचा आहे की कन्फर्म झालेला, कोणता पदार्थ किती प्रमाणात आणि कोणत्या कटऑफवर सापडला, आणि चेन ऑफ कस्टडीच्या कागदाची प्रत. मग सीलबंद दुसरी बाटली वेगळ्या मान्यताप्राप्त लॅबमध्ये तपासायची मागणी करा. अमेरिकी वाहतूक नियमांत ही मागणी निकाल कळल्यापासून ७२ तासांत करावी लागते. इतरत्र मुदत वेगळी असू शकते, म्हणून ती त्याच दिवशी विचारून घ्या आणि मागणीच्या पत्रावर पोच, तारीख आणि वेळ घ्यायला विसरू नका.